टाचेखालचा हात

सुरुवात अमोनियाच्या बाटलीपासून करतो. ती लपवली तर पुढचं काहीच खरं सांगता येणार नाही.

मी शिकत होतो तेव्हा कॅज्युअल्टीत झटके येणारी एखादी तरुण मुलगी आणली, की वरिष्ठ आधी तिच्या पापण्या उघडून बघायचे. तिने डोळे घट्ट मिटून घेतले असले की आम्ही एकमेकांकडे बघून किंचित हसायचो. 'हिस्टेरिया' एवढा शब्द पुरायचा. सिस्टर न सांगता अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन यायची. तो नाकाशी धरायचा. श्वास कोंडून मुलगी दचकून उठली की निदान पक्कं. नाही उठली तर छातीच्या हाडावर मुठीने रगडायचं. शेवटी डिस्टिल्ड वॉटरचं इंजेक्शन. त्यात औषध काहीच नसतं, पण दुखतं भयंकर, आणि दुखावं म्हणूनच ते द्यायचं. रत्नागिरीत दवाखाना टाकल्यावरही मी हे बरीच वर्षं केलं. मला ते चांगलं जमायचं.

त्याच काळात सुट्टीच्या दिवशी मी वाड्यावस्त्यांवर अंधश्रद्धा निर्मूलनाची भाषणं देत हिंडायचो. भगताने बाईच्या तोंडाशी मिरचीची धुरी धरली, केस ओढले, चटके दिले, असल्या हकिकती सांगताना माझा आवाज चढायचा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर लगेच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे. त्या अनुसूचीच्या प्रती काढून मी वाटल्या. वाटताना एकदाही मनात आलं नाही, की मिरचीची धुरी आणि अमोनियाचा बोळा यांत फरक एवढाच, की माझ्या भिंतीवर पदवी टांगलेली आहे. भगत निदान त्या बाईला झपाटलेली समजत होता. मी तिला खोटारडी समजत होतो.

मी दुष्ट होतो असं मला वाटत नाही. माझा हिशेब साधा होता. रोग म्हणजे शरीरात काहीतरी मोडलेलं, सुजलेलं, तुंबलेलं. आणि ते कुठेतरी दिसलं पाहिजे. रक्तात, एक्स-रेत, नाहीतर एमआरआयमध्ये. एमआरआयला तेव्हा आमच्याकडून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागायचं. लोक पैशांची जमवाजमव करून जायचे आणि ते मोठं पाकीट पावसात छातीशी धरून परत यायचे. मी फिल्म उजेडाला धरायचो, रिपोर्टची शेवटची ओळ वाचायचो आणि म्हणायचो, "काही निघालं नाही." हे वाक्य मी दोन सुरांत म्हणायचो. समोर डोकं दुखणारा कर्ता पुरुष असला तर सुटकेच्या सुरात. पाय लुळा पडलेली सून असली तर सासूकडे बघत. त्या दुसऱ्या सुरानंतर घरी काय होत असेल याचा विचार मी केला नव्हता, असं लिहायला सोपं जाईल. केला होता. जे होईल ते तिला वठणीवर आणेल असं मला वाटायचं.

आमच्या शहरात ब्रिटिश काळापासूनचं मनोरुग्णालय आहे. 'ह्याला रत्नागिरीला पाठवा' ही चेष्टा शेजारच्या जिल्ह्यांतही चालते. कितीतरी बायकांना मी 'तिकडे दाखवून या' म्हणालो असेन. त्यात सल्ला किती आणि धमकी किती, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

आता एका मुलीबद्दल. संगमेश्वर तालुक्यातली, नाव नको, वाडीही नको. पावसाळ्यात जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली. मुका मार बसला, घोटा सुजला, सूज आठवड्यात उतरली. पण उजवा पाय उचलेना. दवाखान्यात आली तेव्हा तो मागे फरपटत होता, पावलाचा आतला भाग जमिनीवर घासत. नवरा मुंबईला, सासरी सासू आणि दीर, भातलावणी तोंडावर. एवढं कानावर पडताच माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली: हिला मुंबईला जायचंय, चिखलात उतरायचं नाही, म्हणून पाय. तिला एकही प्रश्न न विचारता मी ही गोष्ट रचली होती.

मग मी तिला टेबलावर झोपवलं आणि हूवरची खूण बघितली. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरने १९०८ साली ती लिहून ठेवली. रुग्ण उताणा झोपलेला. अधू पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि सांगायचं, टाच खाली दाबा. दाब येत नाही. मग चांगल्या पायावर हात ठेवून सांगायचं, आता हा पाय वर उचला, मी दाबतोय, तरी उचला. माणूस एक पाय जोर लावून उचलतो तेव्हा दुसरी टाच आपोआप खाली रुतते. शरीराला तोल धरण्यासाठी ते करावंच लागतं. पायाची ताकद रोगानेच गेली असेल तर तळहाताला काहीच जाणवणार नाही. कार्यात्मक दुर्बलतेत मात्र, म्हणजे मज्जातंतू, मणका, स्नायू शाबूत असूनही पाय चालत नाही अशा वेळी, मघाशी निर्जीव पडलेली टाच तळहातावर चांगली रुतते.

तिची रुतली. मला आनंद झाला. चोर सापडल्याचा असतो तसला आनंद. मी तिच्या वडिलांना, तिच्यासमोरच, सांगितलं, "पायात काही नाही. ताकद भरपूर आहे, मी आत्ता बघितली. हिला चालायचं नाही."

ती म्हणाली, "डाक्टर, मी मुद्दाम नाय करत."

"मुद्दाम कोण म्हणतंय?" मी म्हणालो. एक मिनिट आधी मी तेच म्हणालो होतो.

पुढचे काही महिने ती दिसली नाही. बरी झाली असणार, असं मी धरून चाललो. दिसली तेव्हा हातात काठी होती आणि दंडावर पोळल्याचा बरा होत आलेला चट्टा. मी विचारलं हे कसलं. वडील इकडेतिकडे बघत राहिले आणि मग अगदी सरळपणे म्हणाले, "तुम्हीच बोललात ना डाक्टर, पायात काय नाय. मग बाहेरचंच असणार."

मी हे वाक्य पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं आहे, आणि त्यात तर्काची चूक मला अजून सापडलेली नाही. मुलगी चालत नाही हे बापाला दिसत होतं. ती खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने तिला वाढवलं होतं. विज्ञानाच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं की शरीरात काहीच नाही. मग उरलं काय? ज्या भगताविरुद्ध मी भाषणं ठोकत होतो त्याच्या दारात ही मुलगी माझ्याच निदानाने पोचली होती. 'काही नाही' ही माझी चिठ्ठी, आणि ती घेऊन ते त्याच्याकडे गेले.

त्यांच्याबरोबर मी कोल्हापूरला गेलो तो पश्चात्तापाने नव्हे. भीती वाटली. तो चट्टा उद्या कोणी पोलिसांना दाखवला, कोणी विचारलं आधी कुठे दाखवलं होतं, तर? अनुसूची मला पाठ होती.

कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांनी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय करून आणायला सांगितलं होतं, तो फिल्मांचा गठ्ठा त्यांनी लक्षपूर्वक बघितला, आणि बाजूला ठेवला. "हे काढलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या, "पण निदान यात नसतं." मग त्यांनी तिलाच विचारायला सुरुवात केली. पाय केव्हा जास्त जड होतो? रात्री कुशीवर वळताना उचलावा लागतो का? कधी विसरून चाललीस असं झालंय? ती म्हणाली, एकदा गोठ्यात वासरू सुटलं तेव्हा काठी राहिली मागे, मी पोचले पुढे, आणि मग पडले. हे ती सांगायला घाबरत होती. साहजिक होतं, माझ्यासारख्या माणसासमोर हे सांगणं म्हणजे कबुलीजबाब. त्या बाईंनी मात्र ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं सांगितलंस."

मग त्यांनी तिला झोपवलं आणि टाचेखाली हात ठेवला. मी ओळखलं. आता पकडणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, माझं निदान बरोबर ठरणार म्हणून.

"खाली दाब." काही नाही. "असू दे. आता डावा उचल. मी दाबतेय, तरी उचल. लक्ष डाव्यावरच ठेव." आणि मग त्या म्हणाल्या, "आता उजव्या टाचेचं काय होतंय बघ. कळतंय?"

तिला कळलं. ती मान उचलून आपल्याच पायाकडे बघू लागली, आणि त्याच क्षणी, बघायला लागल्याबरोबर, जोर गेला. बाई म्हणाल्या, "बघितलंस? तू लक्ष दिलंस की जातो. दुसरीकडे दिलंस की येतो. पुन्हा करू." पुन्हा केलं. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, "मी हात ठेवू काय?" त्या बाजूला सरकल्या. त्या माणसाने आंब्याच्या बागेत राबून घट्टे पडलेला हात लेकीच्या टाचेखाली घातला. तिने डावा पाय उचलला. वडिलांचा चेहरा मी बघत होतो. ते मोठ्याने म्हणाले, "हाय! जोर हाय!" आणि तिला रडू फुटलं. मला वाटलं, पकडली गेली म्हणून. नाही. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या पायाबद्दल कोणी चांगली बातमी दिली होती.

बाई तिच्याशी बोलत होत्या, आमच्याशी नव्हे. "मेंदूपासून पायापर्यंत सगळं शाबूत आहे. पण पाय हलवायचा असं तू ठरवतेस तेव्हा तो हुकूम नीट पार पडत नाही. हे तू करत नाहीस, हे तुला होतं. असा आजार असतो, पुष्कळांना असतो, त्याला नाव आहे आणि त्यावर व्यायामाचे उपचार आहेत."

चाचणी तीच, टाच तीच, तळहाताला जाणवलेला दाबही तोच. मी त्याचा वापर बापाच्या नजरेतून लेकीला उतरवायला केला होता. खोली छोटी होती. मी औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. वाचनाने मला सुधारलं असं म्हणणार होतो, पण घडलं ते वेगळं, आणि या टप्प्याची मला जास्त लाज वाटते, कारण तेव्हा तो मला प्रगती वाटला होता.

झालं असं, की मला चित्रं सापडली. शेफील्डच्या शॉन स्पेन्स यांनी २००० साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला एक छोटा अभ्यास होता: हात अधू झालेले मोजके रुग्ण आणि हात अधू असल्याचं मुद्दाम सोंग करणारी निरोगी माणसं, दोघांचेही पेट स्कॅन. दोघांच्या मेंदूच्या पुढच्या भागात वेगवेगळ्या ठिकाणी काम मंदावलेलं दिसलं. जिनिव्हाच्या पात्रिक व्हुइलमिये यांनी २००१ साली सात रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. अधू बाजूशी संबंधित थॅलमस आणि बेसल गँग्लिया हे खोलातले भाग मंद होते, आणि जे रुग्ण बरे झाले त्यांच्यात तो मंदपणाही गेला. व्हॅलेरी वून यांचा २०१० चा अभ्यास मला सगळ्यात हुशारीचा वाटला. ज्यांचा हात असा थरथरतो त्या आठ जणांना त्यांनी एमआरआय यंत्रात झोपवलं, आधी आपोआप होणारी थरथर टिपली, मग त्यांनाच म्हणाल्या, आता तश्शीच थरथर मुद्दाम करा. माणूस तोच, हात तोच, हालचाल तीच. पण आपोआपच्या थरथरीत मेंदूच्या उजव्या बाजूचा, कानाच्या वर-मागे येणारा एक भाग कमी काम करत होता. 'ही हालचाल मी केली' ही जाणीव घडवण्यात त्या भागाचा वाटा असतो.

मी हर्षभरित झालो. ही माणसं खोटं बोलत नाहीत, पुरावा मिळाला! ओळखीच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ती रंगीत चित्रं पडद्यावर दाखवली, अमोनियाविरुद्ध बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना माझ्या लक्षात आलं, की एका मुलीने माझ्या तोंडावर सांगितलं होतं, 'मी मुद्दाम नाय करत', तेव्हा मला ते पटलं नव्हतं. तेच वाक्य परदेशातल्या आठ माणसांच्या मेंदूतल्या रंगीत ठिपक्याने सांगितलं तेव्हा पटलं. माझा विश्वास अजूनही यंत्रावरच होता. फक्त यंत्राने पक्ष बदलला होता.

आणि यंत्राच्या तोंडून सत्य वदवून घ्यायची ही हौस माझ्या एकट्याची नाही. पुण्यातल्या एका खून खटल्यात २००८ साली सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावताना आरोपीच्या मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. मेंदूला गुन्ह्याचा 'अनुभव' आठवतो का हे ती चाचणी सांगते असा दावा होता. जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की संमतीशिवाय अशा चाचण्या कोणावरही लादता येणार नाहीत. तेव्हा मी तो निकाल पेपरात वाचून मान डोलावली होती. टेबलावर झोपलेल्या सुनांची मात्र मी आयुष्यभर तीच चाचणी घेत आलो होतो, संमती न विचारता.

ही मस्ती उतरवली तिनेच. काठी सुटत आली होती. तिचे व्यायाम बघायला मजेशीर असतात: खळ्यात पाठमोरं चालणं, गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकणं, चालताना पाढे म्हणणं, लक्ष पायावरून काढून दुसरीकडे गुंतवायचं, म्हणजे जुनी आपोआप चाल परत वर येते. मी तिला फोनवर ती चित्रं दाखवली, समजावून सांगितली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझा असा फोटो काढाल काय? सासूला दाखवाया."

हो म्हणावंसं वाटलं. पण तोवर मी थोडं पुढचंही वाचलं होतं. ते रंग मेंदूचे नसतात, हिशेबाचे असतात. रक्तातल्या प्राणवायूचे बारीक चढउतार मोजून, कित्येक जणांची सरासरी काढून, संगणक ते भरतो. कोकणातल्या लोकांची सरासरी उंची मला माहीत असली म्हणून दारात उभा असलेला माणूस कोकणातला की घाटावरचा हे टेप लावून ठरत नाही, तसंच हे. एका माणसाच्या चित्रावरून निदान होईल का, हे तपासायचे प्रयत्न नेटाने चालू आहेत. बर्नच्या सेल्मा आयबेक यांच्या गटाने अनेक केंद्रांतले ८६ रुग्ण आणि ८६ निरोगी माणसं घेऊन, नुसतं पडून असताना मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडीने काम करतात ते संगणकाला शिकवलं. २०२२ साली छापलेल्या त्या अभ्यासात संगणकाचं उत्तर सुमारे ७२ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं तर ५० येतात. संशोधन म्हणून हे आशादायक आहे, मनापासून सांगतो. पण शंभरातल्या अठ्ठावीस जणांना चुकीचं सांगणारा कागद घेऊन सासूसमोर उभं राहायचं? आणि ती तुलना निरोगी माणसांशी होती. दवाखान्यात माझ्यासमोर प्रश्न वेगळा असतो: हा पाय कार्यात्मक आजाराचा, की मज्जारज्जूच्या सुजेचा, की दोन्ही?

हे 'दोन्ही' मला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्याला खरी फिट येते त्याला कार्यात्मक झटकेही येऊ शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या बाईचा पाय त्या आजाराच्या हिशेबाबाहेर जाऊन लुळा पडू शकतो. म्हणून एमआरआय काढावा लागतो, आणि तो काढू नका असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे तर फिटेमागे मेंदूतली पटकृमीची गाठ निघणं नवलाचं नाही. थरथर आणि मंदपणा कंपवाताचा की कार्यात्मक, असा पेच पडला तर डोपामीनच्या वाहकांचा स्कॅन खरोखर मदत करतो. कंपवातात तो बिघडलेला दिसतो, कार्यात्मक आजारात शाबूत. ही या क्षेत्रातली दुर्मीळ जागा, जिथे चित्र एका माणसापुरतं बोलतं.

उलट बाजूही आहे. रॉटरडॅममध्ये २००० सर्वसाधारण, मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा ७ टक्क्यांहून अधिक लोकांत कधी जाणवलाच नाही असा जुना पक्षाघाताचा ठिपका निघाला. म्हणजे ठिपका निघणं हाही पुरावा नव्हे. माझ्याकडे असा एक गृहस्थ होता, ज्याच्या हातातल्या थरथरीचं खापर मी मोठ्या समाधानाने तसल्या ठिपक्यावर फोडलं. ठिपका चुकीच्या बाजूला होता. पण काहीतरी निघालं होतं, म्हणून त्याला मी खरा रुग्ण मानलं, खुर्ची दिली, प्रेमाने बोललो. पुरुषही होता तो.

अमोनियाच्या काळात यंत्रावर विसंबण्यासाठी माझी एक ढाल असायची: आपण यांना हिस्टेरिया म्हणायचं आणि उद्या गाठ निघाली तर? एलियट स्लेटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९६५ साली हीच भीती घातली होती. हिस्टेरिया म्हटलेल्या रुग्णांचा त्याने पाठपुरावा केला तेव्हा त्यातल्या पुष्कळांना पुढे दुसराच रोग निघाला. त्या निबंधाचा धाक पुढच्या पिढ्यांवर राहिला. मात्र जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा १९७० नंतरच्या अभ्यासांत चुकीच्या निदानाचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपासच निघालं. यातली मला टोचणारी गोष्ट अशी, की ही घट सीटी स्कॅन आल्यामुळे झाली असं त्यांना वाटत नाही. म्हणजे निदान यंत्राशिवायही होत होतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली आणि हूवरसारख्या खुणा दिसणं महत्त्वाचं ठरवलं. तिच्या पायामागे मी शोधलेला मुंबईचा नवरा आणि सासू, यांची निदानाला गरजच नव्हती. पायरीवरून घसरणं पुरेसं होतं. शारीरिक इजेनंतर हा आजार सुरू होणं अगदी नेहमीचं आहे.

तिला मी सांगितलं, की तसला फोटो आज तुझ्या एकटीबद्दल काही सांगणार नाही. तिने विचारलं, मग काय दाखवू? मी म्हणालो, सासूबाईंना घेऊन ये, त्यांचा हात टाचेखाली ठेवू. ती हसली. "त्या माझ्या पायाला हात लावतील?" मला पुढे बोलता आलं नाही. सासूबाई अजून आलेल्या नाहीत. ती सध्या माहेरी असते, मिरची लावते. काठीशिवाय चालते, आणि पाऊस सुरू झाला, ओली पायरी समोर आली, की पाय पुन्हा काही दिवस जड होतो. पूर्ण बरी झाली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं नाही.

तिची माफी मी मागितली का? मागितली, उशिरा, आणि वाईट पद्धतीने. त्या वेळी आम्हाला एवढं माहीत नव्हतं, असं काहीतरी म्हणत. हूवरने लिहिलेलं १९०८ पासून माहीत होतं. मला तर ती खूण करताही येत होती. ती म्हणाली, "असू दे डाक्टर." तिचं ते मोठेपण माझ्या बाजूने वापरावं असं मला वाटत नाही.

अमोनियाची बाटली दवाखान्यात आता नाही. मनातली आहे. ओपीडीत दुपारची गर्दी असली, पोट रिकामं असलं, आणि कोणी हातपाय झाडत आली, की तो जुना शब्द जिभेच्या टोकाशी येतो. तेव्हा मी काही बोलण्याआधी घरच्यांना विचारतो, झटक्याचा व्हिडिओ आहे का फोनवर. चांगल्या व्हिडिओत पुष्कळ कळतं, आणि तो बघेपर्यंत मलाही सावरायला वेळ मिळतो.

गेल्या महिन्यात लांज्याहून एक पोरगा आला, बारावीचा. उजवा हात थरथरतोय. मी त्याला डाव्या हाताने टेबलावर माझ्या ठेक्यात बोट आपटायला सांगितलं. थोड्या वेळात उजव्या हाताची थरथर त्याच ठेक्याला लागली. ठेका बदलला, थरथर बदलली. त्याला दाखवलं, आईला दाखवलं, समजावलं, माझ्या मते चांगलं समजावलं. कोपऱ्यात बसलेली आजी सगळं ऐकून म्हणाली, "डोक्याचा फोटो काढल्याबगर नको."

मी वाद घातला नाही. बाकीच्या तपासणीत शंका घ्यावी असं काही नव्हतं, तरी चिठ्ठी लिहिली. लिहिताना आधीच सांगून ठेवलं: रिपोर्ट नॉर्मल येईल अशी माझी अपेक्षा आहे, आणि नॉर्मल आला तरी याला आजार आहे, तो मी आत्ता ओळखला आहे, फोटोने नव्हे.

"मग काढायचा कशाला?" आजी म्हणाली.

याला माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं. चिठ्ठी मी फाडली नाही. तिने घडी घालून कमरेला खोचली.